श्टुटगार्टला जाऊन काम, की सोलापुरात बसून श्टुटगार्टचं काम?

आर्किटेक्ट म्हणून चार-पाच वर्षं वर्किंग ड्रॉइंगं (साइटवर बांधायला लागणारे तपशीलवार नकाशे) काढून हात बसला, जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीची, परीक्षा झाली आणि तिकडच्या एखाद्या ऑफिसचा होकार आला, की हल्ली एक नवाच प्रश्न उभा राहतो. जायचं, की इथूनच करायचं? पूर्वी असं विचारायची सोयच नव्हती. काम हवं तर बॅग भरायची. आता काही ऑफिसंच विचारतात, येताय का, की तिथूनच जोडून घ्यायचं?

मी दोन्ही केलंय. आधी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये राहून तिथल्या ऑफिसात काम केलं, आणि आता सोलापुरातून तिथल्याच प्रकल्पांचा काही भाग सांभाळतो. सकाळी माझी इथली स्वतःची कामं असतात. व्हिसाचे प्रकार, पगाराचे आकडे, कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, हे सगळं तुम्ही एव्हाना वाचलेलं असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. राहून आणि करून जे जाणवलं तेवढंच सांगतो. प्रत्येकाला तसंच जाणवेल असा माझा दावा नाही.

जाण्याच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इमारती. श्टुटगार्टच्या टेकडीवर १९२७ सालची वाइसेनहोफ वसाहत आहे. मीस व्हान डेर रोहेच्या देखरेखीखाली १७ आर्किटेक्टांनी तिथं घरं बांधली. त्यातलं ल कॉर्ब्युझिएचं जोडघर आता संग्रहालय आहे आणि २०१६ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. चंदीगडची आखणी केल्यामुळे हा माणूस आपल्याला पाठ असतो, प्लॅनही कॉलेजात पाहिलेला असतो. पण त्या घरातला बोळ रेल्वेच्या डब्यातल्यासारखा अरुंद आहे, हे अंग चोरून चालल्याशिवाय कळत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, मग आपसूक पाय अशा ठिकाणी वळतात. हे सोलापुरात बसून मिळणार नाही, आणि संगणकावरच्या कुठल्याही मॉडेलमधून मिळणार नाही. तुमचा ओढा मुख्यतः याच्याकडे असेल तर जा.

दुसरी गोष्ट मापाची शिस्त. तिकडच्या विटांचं गणित साडेबारा सेंटिमीटरच्या पटीत चालतं: साडेअकराची वीट, एकाचा सांधा. भिंती साडेअकरा, साडेसतरा, चोवीस, साडेछत्तीस अशाच येतात, आणि दारं-खिडक्या त्याच पटीत बसवल्या की वीट तोडावी लागत नाही. ड्रॉइंगवर साडेछत्तीस लिहिताना ३६ लिहून वर बारीक ५ काढतात. आपल्याकडे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, गवंडी फूट-इंचात आणि सुतार सुतात (इंचाच्या आठव्या भागात). नऊ इंची भिंत सांगितली तरी गिलावा धरून ती किती भरेल, हे प्रत्यक्ष टेप लावल्यावरच कळतं. तिथं काही काळ काढला की हा पटीचा विचार अंगात मुरतो. अर्थात तो इथून काम करतानाही मुरतो, कारण मॉडेल तेच असतं. जरा उशिरा मुरतो इतकंच.

रोजच्या डिजिटल कामाच्या सवयींत दोन्हीकडे मला फारसा फरक वाटला नाही. फाइलींची नावं ठरलेल्या साच्यात, लेयर (ड्रॉइंगमधले वेगवेगळे थर) ठरलेले, जुनी आवृत्ती कुठं ठेवायची ते ठरलेलं. महापालिकेला ऑनलाइन नकाशे दाखल करून ज्यांना प्रत्येक रेघ नेमक्या लेयरवर टाकायची सवय आहे, त्यांना हे जड जात नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे ही शिस्त बहुधा सँक्शनपुरती असते. नकाशा मंजूर झाला की पुढचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपांवर चालतं.

आता मला ज्या एका गोष्टीनं अडवलं तिच्याकडे येतो. ती म्हणजे फोन.

तिकडे साइटवरचा ठेकेदार ईमेल लिहीत बसत नाही, फोन करतो. तो श्वाबियन या तिथल्या बोलीत बोलतो, मागं यंत्र चालू असतं, आणि त्याला उत्तर तिथल्या तिथं हवं असतं. बी-टूचं जर्मन पत्रव्यवहाराला पुरतं, बैठकीतही बऱ्यापैकी निभावतं. या फोनला पुरत नाही. मग फोन वाजला की शेजारचा सहकारी उचलतो. तो सज्जन असतो, त्याला वेळ नसतो. दोन मिनिटांत काहीतरी ठरतं, आणि आपल्या टेबलावर लाल पेनानं खुणा केलेलं ड्रॉइंग येतं.

एक उदाहरण नीट सांगतो, कारण माझा निर्णय त्याच्यावरच झाला. गच्चीवर उघडणाऱ्या दाराच्या उंबऱ्याशी वॉटरप्रूफिंग किती वर चढवायचं, याचा तिकडचा दंडक १५ सेंटिमीटरचा आहे. दारासमोर जाळीची पन्हळ देऊन पाणी लगेच काढून दिलं तर ५ सेंटिमीटरपर्यंत उतरता येतं. एकदा माझं डिटेल, म्हणजे त्या जागेचं बारकाव्याचं ड्रॉइंग, परत आलं. १५ वर काट मारलेली, ५ लिहिलेलं, पुढं पन्हळीची रेघ. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘साइटवरून फोन आला होता, ठरलंय तसं.’ मी अर्ध्या तासात ड्रॉइंग सुधारून दिलं. का बदललं, कुणी मागितलं, दुसरा काही उपाय पाहिला होता का, यातलं काहीच माझ्यापर्यंत आलं नाही. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर बसून आलं नाही. आणि हे एकदाच झालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. असं रोज होत होतं.

याचा परिणाम किती खोल जातो ते जर्मन फीच्या हिशेबावरून समजतं. त्यांच्या मानधन नियमावलीत इमारतीचं काम नऊ टप्प्यांत विभागलेलं आहे. पाचवा टप्पा वर्किंग ड्रॉइंगांचा, त्याचा वाटा २५ टक्के. आठवा टप्पा बांधकामावरच्या देखरेखीचा, त्याचा वाटा ३२ टक्के, सगळ्यांत मोठा. फोन न उचलणारा माणूस पाचव्यातच राहतो. आठव्यात जायचं तर फोन हवाच. म्हणजे घरदार सोडून साइटच्या इतकं जवळ जायचं आणि तरी पडद्यासमोरच बसायचं. हे मला फार टोचलं.

सोलापुरातून काम सुरू केलं तेव्हा मला वाटलं होतं, ही अडचण आता दुप्पट होईल. झालं उलटं. मी खोलीत नाही हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे त्यांना लिहावं लागतं. ऑफिसनं मुद्दे नोंदवण्याची पद्धत आधीच लावलेली होती, पण समोरासमोर बसलेली माणसं ती वापरत नव्हती. आता फोनवर काही ठरलं की त्याचा मुद्दा तयार होतो. त्यावर टिचकी मारली की मॉडेल नेमकं त्या कोपऱ्यापाशी, त्याच कोनातून उघडतं. बाजूला कारण, तारीख, साइटवरचा फोटो.

असाच उंबऱ्याचा मुद्दा पुढे दुसऱ्या एका इमारतीत आला. या वेळी मला सगळं वाचायला मिळालं. राहायला येणारी व्यक्ती चाकाच्या खुर्चीवर होती. आतून उतार द्यायचा विचार झाला होता, पण त्यात खोलीची जागा जात होती. दारापाशी स्लॅब खाली घ्यायचा विचारही झाला, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर तयार नव्हता. मग पन्हळ. आणि शेवटी एक ओळ अशी, की पन्हळीची जाळी हत्याराशिवाय हातानं उचलता आली पाहिजे, नाहीतर पानं अडकतील, कुणी साफ करणार नाही आणि पाणी दारातून आत येईल. ती ओळ कुठल्याही नियमात सहज सापडत नाही. ती साइटवरच्या माणसाकडून येते.

जुळे सोलापूर या भागातल्या एका घरात आजींना वॉकर घेऊन गच्चीत जाता यावं म्हणून मी हेच डिटेल वापरलं. इथला पाऊस मोजका, पण वळीव आला की एकदम कोसळतो, म्हणून पन्हळ जास्त रुंद घेतली आणि पाणी जायला दोन तोंडं ठेवली. जाळी उचलता का आली पाहिजे, ते आपल्या गवंड्याला समजावून सांगता आलं, कारण मला स्वतःला ते समजलेलं होतं.

तेव्हापासून इथल्या साइटवरही मी तेच करतो. भेट संपली की गाडीत बसण्याआधी काय ठरलं, का ठरलं आणि काय नको म्हटलं, अशा चार ओळी मराठीत लिहून ठेकेदाराला आणि घरमालकाला पाठवतो. आवाजी निरोप पाठवत नाही. ठेकेदार सुरुवातीला कुरकुरले. आता तेच मागून घेतात, कारण स्लॅब पडल्यावर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा वाद थांबतो.

वेळेचं गणितही माझ्या बाजूनं पडलं. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचारचं. तिथं आठला ऑफिस उघडतं तेव्हा इथं साडेअकरा किंवा साडेबारा वाजलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तशीही साइट सकाळी सातलाच गाठावी लागते, आणि अकराच्या पुढं तिथं थांबण्यात अर्थ नसतो. सकाळी इथलं काम, दुपारपासून तिथलं, हे सोलापूरच्या उन्हाला चांगलं जुळतं. रात्री मात्र साडेआठ-साडेनऊ होतात. घरात लहान मूल असेल तर ही वेळ नेमकी त्याची असते, याचा विचार आधीच करा. शुक्रवारी तिकडची मंडळी ऑफिसातून लवकर निघतात, तेवढी सुटका.

वीज आणि नेट ही लोकांना वाटते तितकी मोठी अडचण नाही. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाइट जाते, इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं नेट ठेवलं की भागतं. सॉफ्टवेअर कसं जोडलेलं आहे हे जास्त महत्त्वाचं. आर्किकॅड या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र काम करताना पूर्ण फाइल न जाता फक्त झालेले बदल जातात, ही सोय २००९ पासून आहे, त्यामुळे बारीक लाइनवरही निभावतं. जिथं मुख्य फाइल तिथल्या सर्व्हरवर आणि आपण इथून ती उघडायची, अशी रचना असते, तिथं दर वेळी सेव्ह करताना जीव टांगणीला लागतो. असं ऑफिस असेल तर दूरच्या मशीनचाच पडदा इथं आणून काम करायची सोय मागा.

इथून काम करण्याची किंमतही सांगायला हवी. तुम्ही प्रकल्पाचे प्रमुख होणार नाही, निदान लवकर नाही. आठवा टप्पा तुमच्यासाठी बंदच. जर्मनीत ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला तिथल्या राज्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे आर्किटेक्टांच्या अधिकृत संस्थेत, नोंदणी लागते, त्यासाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि सोलापुरातून काढलेली ड्रॉइंगं त्यात कितपत धरतील हे त्या-त्या राज्याच्या चेंबरला आधी विचारून घ्यावं लागेल. तिकडं कायमचं स्थायिक व्हायचं मनात असेल तर हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे. मग जाणंच योग्य. पैशाच्या बाजूनं, परदेशी ऑफिसला स्वतंत्रपणे सेवा देत असाल तर ती निर्यात धरली जाते. जीएसटी नोंदणी असेल तर दर वर्षी हमीपत्र भरलं की कर न भरता बिल करता येतं. एकदा सीएकडे बसून घ्या, यात डोकं खपवू नका.

आणि घरच्यांना वेळेचं सांगून ठेवा. दुपारी एक वाजता माणूस घरात दिसतो म्हणजे तो मोकळा आहे, असं इथं सगळेच धरून चालतात. गड्डा यात्रेच्या दिवसांत पाहुणे आले की हे जास्तच. दार लावता येईल अशी खोली नसेल तर एखादं छोटं ऑफिस भाड्यानं घेणं परवडतं.

माझा कल कुठं आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल. तरी ज्याचं जर्मन फोनवर चालतं, जो बोलीत दोन शब्द टाकून ठेकेदाराला हसवू शकतो, त्यानं माझं ऐकू नये, त्यानं जावं. त्याच्यासाठी साइटचं दार उघडं आहे आणि तिथलं शिक्षण इथून होणार नाही. ज्याचं तेवढं झालेलं नाही, त्यानं इथून सुरुवात करून रोजच्या कामातून भाषा वाढवावी आणि मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचार करावा, असं मला वाटतं.

फक्त होकार देण्याआधी ऑफिसकडे एक गोष्ट मागा. मागच्या एखाद्या प्रकल्पातला एक मुद्दा, नावं झाकून, जसा नोंदवला तसा दाखवायला सांगा. त्यात फक्त ‘बदलले’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या ऑफिसचं काम इथून घेऊ नका. कारण लिहिलेलं असेल आणि नाकारलेले पर्यायही असतील, तर पगार थोडा कमी असला तरी घ्या.