एल्कच्या शिकारीला कॅमेरा कोणता न्यावा: फोन, वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट की मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट?

कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्कच्या शिकारीला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाची सामानाची यादी पुरी होत येते, तेव्हा कॅमेऱ्याचा प्रश्न शेवटी उरतो आणि ‘फोन आहेच की’ एवढ्यावर मिटतो. हे उत्तर चुकीचे नाही. पण फ्लॅट टॉप्ससारख्या रानात, जिथे मोटार वाहनांना मज्जाव आहे आणि पाच-सहा दिवस तंबूतच काढायचे असतात, तिथे ते एकदा तपासून घ्यावे. (एल्क म्हणजे आपल्या काश्मिरी हंगुलाचा जवळचा नातलग. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा शब्दच गुन्ह्याशी जोडला गेला आहे; कोलोरॅडोत मात्र ती परवाना, हंगाम आणि ठरलेली संख्या यांच्या चौकटीत चालते.) येथे फोन, ओएम सिस्टमचा वॉटरप्रूफ टफ टीजी-७ आणि सोनीचा मोठ्या सेन्सरचा (म्हणजे उजेड टिपणारा भाग मोठा असलेला) आरएक्स१०० मार्क ७ हे तीन पर्याय पाहू. भिंगे बदलता येणारे मोठे कॅमेरे मुद्दाम वगळले आहेत, कारण पूर्ण वाढीचा नर एल्क तीनशे किलोंच्या पुढे भरतो, त्याचे मांस खेपा करून पाठीवरून खाली आणावे लागते, आणि त्या ओझ्यात आणखी दीड किलोची भर कोणालाच नको असते.

फोनची छायाचित्रे दिवसाउजेडी उत्तम येतात, याविषयी वाद नाही. अडचण अशी की त्या रानात फोन हा आधी नकाशा असतो आणि मग कॅमेरा. नेटवर्क नसले तरी उतरवून घेतलेल्या नकाशावर जागा दाखवणारा तोच, आणि आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलांत उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोयही त्यातच. ॲपल स्वतः आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस एवढेच तापमान योग्य मानते, आणि ऑक्टोबरमध्ये तीन हजार मीटर उंचीवरची पहाट सहज शून्याखाली जाते. अशा वेळी दुपारपर्यंत दोनशे फोटो काढून संध्याकाळी परतीची वाट शोधायला बॅटरी नसणे, हा धोका मला चांगल्या फोटोच्या मोबदल्यातही पत्करावासा वाटत नाही. शिवाय हातमोजे घातलेले असताना, किंवा जनावर सोलताना हात रक्ताने आणि चरबीने माखलेले असताना, टचस्क्रीन दाद देत नाही.

टीजी-७ चे बळ नेमके येथे आहे. बॅटरी व कार्डासह सुमारे २५० ग्रॅम वजन, उणे १० अंशांपर्यंत काम करण्याची हमी, १५ मीटर खोल पाण्यात आणि २.१ मीटरवरून पडण्यात टिकाव, आणि मोज्यांतून दाबता येतील अशी खरी बटणे. काम आटोपल्यावर तो ओढ्याच्या पाण्यात सरळ धुता येतो. पावसाळी ट्रेकमध्ये कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. एकट्याने शिकारीला गेल्यास आणखी एक गोष्ट कामी येते: तळाला ट्रायपॉडचा आटा आहे आणि ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय आहे. त्यामुळे स्वतःचा फोटो घेताना जनावराच्या मागे बसून सावकाश जागा साधता येते.

त्याची दुबळी बाजू म्हणजे उजेड. कोलोरॅडोत बंदूक चालवण्याची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते आणि एल्क कुरणावर येतात ते बहुधा त्याच दोन संधिप्रकाशांत. टीजी-७ चा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा, तर आरएक्स१०० चा ११६, म्हणजे चौपट. कातरवेळी हा फरक डोळ्यांना दिसतो: एकात झाडांच्या सावल्या ठिपक्यांनी भरून जातात, दुसऱ्यात त्यांचा पोत टिकतो. सोनीला डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडरही आहे, जो बर्फावरच्या झगझगीत उन्हात उपयोगी पडतो. पण त्याचे भिंग चालू करताच बाहेर येते, धूळ आणि पाणी अडवणारी बांधणी नाही, एका बॅटरीत अधिकृत मापाने सुमारे २६० फोटो निघतात, आणि बाजारात आला तेव्हाची किंमत १,२०० डॉलर होती. टीजी-७ ची ५५०.

सोनीचा २०० मिलिमीटरपर्यंतचा झूम पाहून अनेकांचे मन तिकडे झुकते. येथे साधा हिशेब करावा. तीनशे मीटरवर २०० मिलिमीटरला चौकटीत सुमारे ५४ मीटर रुंदी मावते, आणि एल्कची लांबी अडीच मीटरच्या आतबाहेर. म्हणजे जनावर चौकटीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान. टीजी-७ च्या १०० मिलिमीटरला ते त्याच्याही निम्मे. दूरच्या जनावरासाठी दोन्ही कॅमेरे कुचकामी आहेत. ते काम स्पॉटिंग स्कोपच्या (दूरचे जनावर न्याहाळायच्या एकनळी दुर्बिणीच्या) नेत्रिकेला ॲडॉप्टर लावून फोनच चांगले करतो, आणि फोनची बॅटरी खर्च करायचीच तर ती यासाठी करावी.

जवळच्या फोटोंत एक अडचण तिघांनाही येते. रायफलच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची असते. उन्हात हा रंग फोटोत सपाट डागासारखा उमटतो, आणि टोपीच्या कडेने चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, थोडे उतरवून फ्लॅश टाकला की दोन्ही सुधारतात. दोन्ही कॅमेऱ्यांत फ्लॅश आहे, फोनचा दिवा मात्र भर उन्हात अपुरा पडतो.

म्हणून ऑक्टोबरात रायफल घेऊन, त्यातही एकट्याने, जाणाऱ्याने टीजी घ्यावा आणि तो सॅकमध्ये नव्हे तर छातीच्या पट्ट्यावर ठेवावा, असे माझे मत आहे. सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या हंगामात, माजावर आलेले नर जवळ येतात आणि थंडीही बेताची असते तेव्हा, सोबतीला कोणी असेल व पैशाची अडचण नसेल तर सोनीचा विचार करावा. पैसे वाचवायचे असतील तर २०१९ चा टीजी-६ वापरलेला मिळाला तरी चालेल: भिंगाचा पल्ला आणि बॅटरी तीच, यूएसबी-सी मात्र नाही. घेण्याआधी बॅटरीचे व जोडणीचे झाकण उघडून आतली रबरी पट्टी पाहावी. ती चिरलेली किंवा कडक झालेली असेल, तर तो कॅमेरा ओढ्यात धुण्याजोगा राहिलेला नाही असे समजून किंमत करावी.