पोटाची बायपास: पाच वर्षं वापरून झाल्यावर

फेब्रुवारी 2021 मध्ये माझी बायपास झाली. ही बातमी पुण्याहून औशाला माझ्या आधी पोचली आणि मी घरी आलो तेव्हा अर्धं गाव शहाळी घेऊन हृदयाचा पेशंट बघायला बसलेलं. हृदयाची नाही, पोटाची, हे सांगण्यात आठवडा गेला. तेव्हा वजन 138 किलो, उंची पाच फूट सहा इंच, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 49. शुगर, बीपी, गुडघे गेलेले, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर तोंडावर मशीन. आज वजन 94 आहे. मध्ये 86 पर्यंत उतरलो होतो, त्याचंही सांगतो.

माझं बी-बियाणं, खताचं दुकान आहे. युरिया न्यायला आलेला माणूस हळूच विचारतो, "अण्णा, आमच्या मेव्हण्याला करावं का?" दरवेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

केलं काय, ते आधी. जठराच्या वरच्या टोकाला लहान लिंबाएवढी पिशवी वेगळी केली आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढचं आतडं तिला जोडलं. उरलेलं जठर कापून टाकत नाहीत, ते आतच असतं, फक्त अन्न तिकडं जात नाही. 'स्लीव्ह' म्हणतात त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढूनच टाकतात. ते वेगळं ऑपरेशन. दोन्हींत भूक पहिल्यासारखी लागत नाही, आणि सुरुवातीला हे जादूसारखं वाटतं. तिसऱ्या महिन्यात मशीन कपाटावर गेलं ते अजून तिथंच आहे. बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेत मी आता मध्ये न थांबता जातो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीनं गळाले, पण ते परत आले.

पहिली अद्दल येळवसेला घडली. आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवस म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. शेतात कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, अंबील आणि गुळाची खीर. ऑपरेशनला दहा महिने झाले होते. आई म्हणाली, "लेकरा, आज तरी पोटभर खा." पोटभर म्हणजे माझ्या हिशोबानं चार चमचे भज्जी आणि अर्धा उंडा. तिथं थांबायचं होतं. वर अर्धी वाटी खीर घेतली. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं सदरा भिजला, पोटात मुरडा. खोपीच्या सावलीत तासभर आडवा पडलो आणि आई स्वतःलाच बोल लावत बसली. गोड पदार्थ पिशवीत न थांबता एकदम आतड्यात उतरतो, त्याचा हा प्रकार. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. तेव्हापासून खीर बोट लावून चाखतो.

दुसरी अद्दल जिवावर बेतली होती. दुसऱ्या वर्षी खरिपाच्या धांदलीत सोयाबीनच्या बॅगा उचलताना कंबरेत उसण भरली. मेडिकलमधून नेहमीची दुखीची गोळी आणली आणि सहा दिवस दोन वेळा खाल्ली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या या ऑपरेशननंतर चालत नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं होतं. कार्ड घरी कपाटात. शौचाला काळं व्हायला लागलं. आता लोहाच्या गोळीनं काळं होतंच, हे मला माहीत, म्हणून मी चार दिवस निर्धास्त! पण हे काळं वेगळं होतं. डांबरासारखं चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारं, आणि वास तर घरभर. पाचव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली. लातूरला नेलं. मी कण्हत "बायपास झालीय" म्हणालो, तर त्यांनी आधी ईसीजीच काढला. त्यांचं तरी काय चुकलं? हिमोग्लोबिन 7.2 निघालं, दुर्बीण घातली तर अल्सर. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. आता पाकिटात नोटांच्या पुढं एक चिठ्ठी असते: 'पोटाची बायपास, दुखीच्या गोळ्या नकोत'. दुखलं तर पॅरासिटामॉल, नाहीतर शेक.

आमच्या घरी सगळे माळकरी, अंडंसुद्धा नाही. ऑपरेशननंतर दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगतात आणि पोटात जागा तर वाटीभर. आयुष्यभर सोयाबीनचं बियाणं विकलं, पण सोयाबीनच्या वड्या पहिल्यांदा खाल्ल्या त्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. चक्का, पनीर, मटकी आधी, भाकरी शेवटी. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आसपास चहा नाही. ज्याच्या दुकानात दर गिऱ्हाइकामागं चहा येतो त्याला हे सांगून बघा.

बी-12 कडं मी दुर्लक्ष केलं. तळपायाला मुंग्या यायच्या, चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही. जुन्या शुगरचं असेल म्हणून गावातल्या डॉक्टरांनी त्यावरच्याच गोळ्या दिल्या. तपासलं तर बी-12 तळाला. ते अंगी लागायला जठरातला एक घटक लागतो आणि अन्न आता त्या जठरातून जातच नाही. त्यात आम्ही शाकाहारी. आता दर महिन्याला इंजेक्शन. मुंग्या गेल्या, डाव्या अंगठ्याला थोडी बधिरता राहिली ती राहिलीच.

शुगरचं लोक सगळ्यात जास्त विचारतात. पहिल्या वर्षी सगळ्या गोळ्या बंद, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 5.6. मी पेढे वाटले (स्वतः खाल्ले नाहीत). यंदा 6.4 आहे आणि एक गोळी परत सुरू झाली. स्वीडनमध्ये 1987 पासून या लोकांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी 72 टक्के मधुमेहींची शुगर हटलेली होती, दहा वर्षांनी 36 टक्क्यांची. 2020 मध्ये त्यांनी आयुष्याचा हिशोब मांडला. ऑपरेशन केलेले लोक न केलेल्या तितक्याच लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगतात, पण सर्वसाधारण माणसापेक्षा साडेपाच वर्षं कमीच. त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, हेही लक्षात ठेवा. मला तीन वर्षं पुष्कळ वाटतात. आमच्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आला होता.

86 चे 94 कसे झाले? शेव. भाकरी अडकते, शेव विरघळते. काउंटरवर डबा उघडा ठेवून दिवसभर चिमूट चिमूट. पिशवी लहान असली तरी चिमटी कितीही वेळा आत जाते.

पोटाची, दंडांची कातडी लोंबते. मे महिन्यात 42 डिग्रीत तिच्या घड्यांत घामानं चिघळतं, पावडर लावून पट्टा बांधतो. ती काढायचं ऑपरेशन वेगळं, आणि विम्यात बसत नाही म्हणून सांगितलं. मूळ ऑपरेशन विम्यात बसलं. बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल तर बसतं, पण पॉलिसीतला वेटिंग पिरियड आधी वाचा.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर बीडचा एक पोरगा होता, माझ्याहून छान उतरला. बायपासनंतर दारू फार लवकर चढते. त्याला एका पेगात काम होतंय याचं कौतुक वाटलं, मग दोन झाले. आता त्याची बायको फोन करते, तो नाही.

मेव्हण्याला करावं का? 138 किलोत मी परत गेलो तर परत करीन. पण गोळ्या-तपासण्यांचे महिन्याला हजार-दीड हजार कायमचे धरा, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला फॉलोअपला जायची तयारी आधी घरात बोलून घ्या. बायकोला विचारा, तिला दोन वेगळे स्वयंपाक पडतात. माझी पुढची रक्ततपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. मृग लागला की दुकानातून मान वर करायला होत नाही.