मोठा अल्टरनेटर की दुसरी बॅटरी?

फोर बाय फोर गाडीला जादा दिवे, फ्रिज आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) जोडल्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारा भाग, मोठा बसवावा की दुसरी बॅटरी घ्यावी, असा प्रश्न उभा राहतो. १२० वॅटचा लाइटबार १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतो, तर विंच पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास खेचू शकते आणि एवढा प्रवाह मुख्यतः बॅटरीतूनच येतो. मोठा अल्टरनेटर इंजिन चालू असतानाच उपयोगी पडतो, आणि इंजिन मंद फिरत असेल तर तोही छापील क्षमतेपेक्षा बराच कमी देतो. पावसाळ्यात सायनच्या कोंडीत एसी, वायपर आणि हेडलाइट एकदम चालू असताना व्होल्टमीटर १४ वरून १२.४ वर उतरलेला, म्हणजे अल्टरनेटर पुरा पडत नसलेला, मी पाहिला आहे.

दुसरी बॅटरी आयसोलेटरमार्फत (इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या स्विचमार्फत) जोडली, की माळशेजच्या मुक्कामात रात्रभर फ्रिज चालवूनही सकाळी स्टार्टरची बॅटरी शाबूत राहते. मात्र ही दुसरी बॅटरी भरण्याचा भार पुन्हा त्याच अल्टरनेटरवर येतो, शिवाय बॉनेटखालची जागा अडते. मुंबईत राहून शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्याने, माझ्या मते, आधी बॅटरीच घ्यावी. फ्यूज मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ हवा. काही गॅरेजवाले तो दिव्यापाशी बसवतात आणि मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते.