एका रात्रीसाठी ड्रॅगनपट निवडताना: ‘डी-वॉर’ की ‘ड्रॅगनस्लेयर’?

दक्षिण कोरियात १ ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झालेला ‘डी-वॉर’ हा त्या वर्षी तिथे सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला आणि त्याची ८४ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. दीड महिन्याने, १४ सप्टेंबरला, तोच चित्रपट अमेरिकेत सव्वादोन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि त्याची तिथली कमाई सुमारे १.१ कोटी डॉलरवर थांबली. एका देशात विक्रमी गर्दी आणि दुसऱ्या देशात जेमतेम दखल, एवढ्यावरच हा विरोधाभास संपत नाही. खुद्द कोरियातही प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यात त्यावरून कडवट वाद पेटला. असा चित्रपट आज पाहावा की नाही, असा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला तारांकित गुणांचा फारसा उपयोग नाही. पाहणाऱ्यांना नेमके काय आवडले आणि काय खटकले हे समजून घ्यावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा एखादा ड्रॅगनपट ठेवून पाहणे सोयीचे पडते. मी ‘ड्रॅगनस्लेयर’ हा १९८१ चा अमेरिकी चित्रपट निवडला आहे. तोही आपल्या काळातील सर्वांत पुढच्या तंत्रावर उभा होता आणि त्यालाही प्रेक्षकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला, परंतु दोघांच्या वाट्याला आलेल्या नाराजीची कारणे अगदी वेगळी आहेत.

‘डी-वॉर’चे दिग्दर्शक शिम ह्युंग-रे हे मूळचे कोरियातील अत्यंत लोकप्रिय विनोदी अभिनेते. राक्षसपटांचा ध्यास घेऊन त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था उभारली, १९९९ मध्ये ‘योंगारी’ हा प्रचंड प्राण्याचा चित्रपट केला आणि पुढची कित्येक वर्षे ‘डी-वॉर’वर घालवली. चित्रपटातील संगणकीय दृश्ये हॉलीवूडच्या नामांकित स्टुडिओकडून करून न घेता त्यांच्याच संस्थेतील कोरियन तंत्रज्ञांनी तयार केली, ही गोष्ट प्रेक्षकांच्या दृष्टीने फार मोठी होती. विनोदी नट म्हणून चित्रपटवर्तुळात दुय्यम मानल्या गेलेल्या माणसाने हॉलीवूडच्या मक्तेदारीच्या क्षेत्रात पाऊल रोवले, या भावनेने लोक चित्रपटगृहात गेले. कोरियात दाखवलेल्या आवृत्तीच्या अखेरीस दिग्दर्शकाचे स्वतःच्या प्रवासाविषयीचे मनोगत पडद्यावर येत असे आणि त्यासोबत ‘आरिरांग’ हे लोकगीत वाजत असे. तेव्हा चित्रपटाचे आवाहनही त्याच भावनेला होते, यात शंका नाही. ऑगस्टमध्येच दूरचित्रवाणीवरील एका चर्चेच्या कार्यक्रमात समीक्षक चिन जुंग-क्वॉन यांनी पटकथेवर कठोर टीका केली. कथा अडली की आकाशातून देव उतरवून पेच सोडवायचा, ही प्राचीन ग्रीक नाटकातील युक्ती इथे वापरली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यानंतर इंटरनेटवर त्यांच्यावर शिव्याशापांचा भडिमार झाला.

मला या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात, कारण त्या एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हत्या. समर्थक तंत्राबद्दल आणि ते कोणी केले याबद्दल बोलत होते. विरोधक कथेबद्दल बोलत होते. आज आपण तो चित्रपट पाहू तेव्हा कोरियन प्रेक्षकाचा अभिमान आपल्यापाशी नसेल. म्हणून आपल्या वाट्याला काय उरते, हे पाहायला हवे.

कथेचा पाया सुंदर आहे. कोरियन लोककथांत इमुगी नावाचा महासर्प असतो. त्याला दिव्य मणी लाभला तर तो ड्रॅगन होऊन स्वर्गात जातो. नागमणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. चित्रपटात ही दिव्य शक्ती दर पाचशे वर्षांनी एका तरुणीच्या रूपाने जन्म घेते. कोरियातील जोसॉन राजवटीच्या काळात, १५०७ मध्ये, बुराकी या दुष्ट इमुगीचा डाव फसतो आणि पाचशे वर्षांनी ती तरुणी लॉस एंजेलिसमध्ये सारा म्हणून, तर तिचा रक्षक ईथन नावाचा वार्ताहर म्हणून जन्माला येतो. मात्र हे सांगण्याची रीत बोजड आहे. मोठ्या ईथनला लहानपण आठवते, त्या आठवणीत एक जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याला गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत पुन्हा पाचशे वर्षांपूर्वीचा प्रसंग सविस्तर उलगडतो. या तिहेरी आवरणातून वर्तमानात परत येईपर्यंत पात्रांशी जुळू पाहणारी नाळ तुटलेली असते. पुढे नायक-नायिका एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळत राहतात. त्यांच्यातील प्रेम आपल्याला सांगितले जाते, पण ते घडताना दिसत नाही.

आणि तरीही लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातील लढाई सुरू होते तेव्हा पडद्यावरून नजर हटत नाही. बुराकी ७३ मजली, ३१० मीटर उंच यू. एस. बँक टॉवरला विळखा घालत वर चढतो आणि हेलिकॉप्टरे त्याच्याभोवती घोंघावतात. खाली रस्त्यांवर पाठीवर तोफा वाहणारे अवजड प्राणी आणि लष्कराचे रणगाडे समोरासमोर येतात, वर उडणारे प्राणी हेलिकॉप्टरांवर तुटून पडतात. या दृश्यांचे एक वैशिष्ट्य फारसे कोणी मांडत नाही, म्हणून आवर्जून सांगतो: ती भर दिवसा घडतात. संगणकीय प्राण्यातील उणिवा रात्र, पाऊस आणि धूर यांत सहज लपतात. सूर्यप्रकाशात त्याच्या कातडीवरची चमक, सावली आणि इमारतीच्या काचेतील प्रतिबिंब यांचा मेळ बसवणे फार कठीण असते. काही ठिकाणी तो मेळ चुकतो, विशेषतः माणसे आणि प्राणी एकाच चौकटीत जवळ येतात तेव्हा. परंतु धाडस खरे आहे आणि दृश्याची रचना स्वच्छ आहे: कोण कुठे आहे, कोण कोणावर चालून येतो आहे, हे प्रत्येक क्षणी कळते.

त्यानंतरच्या शेवटाबद्दल चिन यांच्याशी मी सहमत आहे. (ज्यांना शेवट आधी कळू द्यायचा नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) सज्जन इमुगी ऐन मोक्याच्या वेळी प्रथमच समोर येतो, सारा त्याला आपली शक्ती अर्पण करते, त्याचा ड्रॅगन होतो आणि तो बुराकीला जाळतो. ड्रॅगनमध्ये रूपांतर होण्याचे दृश्य अत्यंत देखणे आहे, परंतु या विजयात नायकाचा वाटा जवळपास शून्य आहे. दीड तास ज्याच्या मागे आपण धावलो तो बाजूला उभा राहून पाहतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना अनेकांना जाणवलेले रितेपण इथून येते, असे माझे मत आहे.

‘ड्रॅगनस्लेयर’ याच्या बरोबर उलट दिशेने जातो. मॅथ्यू रॉबिन्स दिग्दर्शित हा चित्रपट पॅरामाउंट आणि डिस्ने यांनी मिळून काढला. त्याचा खर्च सुमारे १.८ कोटी डॉलर होता आणि अमेरिकेतील उत्पन्न त्याहूनही कमी, १.४ कोटींच्या आसपास राहिले. डिस्नेचे नाव वाचून मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांना पडद्यावर चिखल, भीती आणि रक्त दिसले. परीकथेच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षक दुखावला आणि गंभीर चित्रपटाच्या शोधातील प्रेक्षक त्याकडे फिरकलाच नाही. म्हणजे इथली नाराजी कथा कच्ची असल्याची नव्हती; चित्रपटाने दिलेले वचन एक आणि दाखवलेली गोष्ट दुसरी, अशी तक्रार होती.

त्या कथेत एक राजा आपल्या राज्यातील ड्रॅगनला शांत ठेवण्यासाठी वर्षातून दोनदा कुमारिकांच्या नावांची सोडत काढतो. श्रीमंत लोक पैसे चारून आपल्या मुलींची नावे वगळून घेतात आणि राजकन्येचे नाव तर सोडतीत कधी टाकलेलेच नसते. हे राजकन्येला कळते तेव्हा ती जे करते, तो या चित्रपटातील सर्वांत धक्कादायक प्रसंग आहे आणि त्यात एकही दृश्यपरिणाम नाही. या व्यवस्थेमुळे ड्रॅगन हा केवळ मोठा प्राणी राहत नाही. त्याच्या भीतीवर कोणाची सत्ता टिकते, कोणाच्या घरातली मुलगी जाते आणि अखेरीस श्रेय कोण लाटतो, हे सगळे प्रश्न त्याच्याभोवती उभे राहतात. म्हणूनच व्हर्मिथ्रॅक्स नावाचा तो ड्रॅगन कितीतरी वेळ केवळ पंजा, शेपटी आणि ज्वाळा एवढ्याच रूपात दिसला तरी त्याचा धाक कमी होत नाही, आणि गुहेत तो पूर्ण समोर येतो तेव्हा त्याचा आकार आपल्याला आधीच माहीत असल्यासारखा वाटतो.

तंत्राच्या दृष्टीनेही हा चित्रपट पाहण्यासारखा आहे. जॉर्ज लुकास यांच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने बाहेरच्या निर्मात्यांसाठी केलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. तोपर्यंत पडद्यावरच्या अशा प्राण्याची छोटी बाहुली एकेक चौकट टिपत, दर वेळी हाताने किंचित हलवून जिवंत केली जाई. त्यात प्रत्येक चौकट स्थिर आणि लखलखीत येत असल्याने हालचाल तुटक भासे. फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहुलीला संगणकाने नियंत्रित होणाऱ्या मोटरींचे दांडे जोडले आणि कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच ती हलेल अशी व्यवस्था केली, त्यामुळे खऱ्या प्राण्याच्या हालचालीत येतो तसा पुसटपणा चित्रात आला. या पद्धतीला ‘गो-मोशन’ म्हणतात. व्हर्मिथ्रॅक्स गुहेत पंखांच्या कोपरांवर भार टाकत पुढे सरकतो, ते दृश्य चार दशकांनंतरही विश्वसनीय वाटते, कारण त्या शरीराला खरोखरच वजन होते. दृश्यपरिणाम आणि पार्श्वसंगीत या दोन्हींसाठी चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. दृश्यपरिणामांचा पुरस्कार त्याच संस्थेने काम केलेल्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ला गेला.

याच्या उणिवाही स्पष्ट आहेत. पहिला तास संथ आहे. तरुण नायक गेलन अनेकांना फिका वाटतो, आणि वृद्ध जादूगाराच्या भूमिकेतील राल्फ रिचर्डसन पडद्यावरून गेले की त्यांची उणीव भासते. शेवटच्या आकाशातील झुंजीत ड्रॅगन आणि ढग यांची जोडणी काही ठिकाणी उघडी पडते. ज्याला दर दहा मिनिटांनी काहीतरी कोसळताना पाहायचे आहे, तो इथे कंटाळेल.

आणखी तीन पर्यायांची नावे ड्रॅगनपटांच्या चर्चेत हमखास निघतात, म्हणून त्यांचा थोडक्यात उल्लेख करतो. ‘रेन ऑफ फायर’ (२००२) च्या जाहिरातीत लंडनवर ड्रॅगन आणि हेलिकॉप्टरांचे घनघोर युद्ध रंगवले होते. चित्रपटात ते युद्ध नाही, जगाची राखरांगोळी होऊन गेल्यावर एका किल्ल्यात तग धरून राहिलेल्या माणसांची गोष्ट आहे. जाहिरात पाहून गेलेले चिडले, परंतु जाहिरात बाजूला ठेवून पाहिला तर तो बराच चांगला आणि धीटपणे उदास चित्रपट आहे. ‘ड्रॅगनहार्ट’ (१९९६) मध्ये ड्रॅगनला शॉन कॉनरी यांचा आवाज आहे आणि त्यांच्या चेहऱ्यावरील हावभाव अभ्यासून ड्रॅगनचा चेहरा घडवला आहे. त्याची मैत्री लोभस आहे, मात्र विनोद आणि शोक यांतली ये-जा सर्वांना रुचत नाही. तो मूळ इंग्रजी आवाजातच पाहावा, अन्यथा त्यातील अर्धी गंमत जाते. ‘एरागॉन’ (२००६) मी सुचवणार नाही. त्यातील सफिरा ही मादी ड्रॅगन सुबक आहे, पण पिल्लू असताना आकाशात झेप घेते आणि त्याच उड्डाणात पूर्ण वाढलेली होऊन परतते. ज्या नात्यासाठी वाचकांनी मूळ कादंबरीवर प्रेम केले, ते नाते वाढायला लागणारा वेळच चित्रपटाने कापून टाकला.

आता निवडीकडे येतो. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील, मोठा पडदा असेल आणि सगळ्यांना मिळून थक्क व्हायचे असेल, तर ‘डी-वॉर’ निःसंकोच लावावा. त्याची लांबी दीड तासाच्या आसपास आहे, संवाद बहुतांश इंग्रजीत आहेत आणि कथा एखाद्या वेळी हातातून सुटली तरी बिघडत नाही. तो मोबाइलवर पाहण्यात काही अर्थ नाही, कारण त्याची सगळी ताकद आकारात आहे. एकट्याने किंवा समजदार सोबतीने शांतपणे पाहायचा असेल आणि हाताशी एकच रात्र असेल, तर माझी शिफारस ‘ड्रॅगनस्लेयर’साठीच आहे, २०२३ मध्ये त्याची फोर-के आवृत्ती निघाली आहे आणि अंधाऱ्या गुहेतील बारकावे पाहायचे असतील तर शक्यतो तीच मिळवावी. दृश्यपरिणामांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र दोन्ही पाहावेत, आणि आधी ‘ड्रॅगनस्लेयर’ पाहावा, म्हणजे वजन असलेली बाहुली आणि संगणकात घडलेला सर्प यांच्या चालीतील फरक डोळ्यांना आपोआप टिपता येईल. लहान मुलांसमोर ‘ड्रॅगनस्लेयर’ लावण्याआधी पालकांनी तो स्वतः एकदा पाहून घ्यावा: अमेरिकेत त्याला तेव्हा ‘पीजी’ असे सौम्य प्रमाणपत्र मिळाले होते, तरी ड्रॅगनच्या पिल्लांचा गुहेतील प्रसंग आठ-नऊ वर्षांच्या मुलाची झोप उडवण्याइतका भीषण आहे.