डिस्क नवी, राखणदार जुनाच

१७ तारखेच्या रात्री लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. २० ला जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचं आणि मालवणातल्या अकरा होमस्टेवाल्यांचे हिशेब त्यात. बॅकअप पेनड्राइव्हवर होता, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. धास्ती वेगळीच. दोन वर्षांपूर्वी कोकणकन्येत शेजारच्या बाईंची बॅग डोळ्यांदेखत गेली, तेव्हापासून मी चोरीचा माग काढणारं सॉफ्टवेअर अ‍ॅब्सोल्यूट वापरते. भाच्याने घेऊन दिलंय. डिस्क गेली की तेही गेलं, असंच मी धरून चालले होते. गावातल्या एकाने ‘नवीन लायसन घ्यावं लागेल’ असं सांगूनही टाकलं होतं.

सकाळच्या एसटीने कुडाळ गाठलं. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान एकट्या माणसाचं आहे, नाव लिहीत नाही. आधीच तो फोन उचलत नाही.

‘काकी, भियाव नकात. तां डिस्कात नाय, बोर्डात आसा,’ म्हणाला आणि बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग, उघडून कॉम्प्युट्रेसची (याच सॉफ्टवेअरचं जुनं नाव) ओळ दाखवली. ती चालू होती. या सॉफ्टवेअरचं बी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या प्रोग्राममध्ये, असतं. विंडोज सुरू होताना ते आपली छोटी फाइल आत टाकतं आणि नेट मिळालं की उरलेलं स्वतःच उतरवून घेतं. म्हणून डिस्क बदला, फॉरमॅट करा, ते परत येतं. बोर्ड बदलला तर मात्र पंचाईत. आणि सगळ्याच सॉफ्टवेअरचं असं नसतं हं. लेकीच्या लॅपटॉपवर प्रे नावाचं असंच माग काढणारं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कवर बसतं, म्हणजे डिस्क बदलल्यावर पुन्हा टाकायलाच हवं.

खालचे स्क्रू गंजलेले. आमची खारी हवा! थेंबभर तेल सोडून दहा मिनिटं थांबला, मग एकेक काढून कोकमाच्या बाटलीच्या झाकणात ठेवला. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी एसएसडी सात. आत खुळखुळू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी बसवली. हे सांगितल्याशिवाय करणारे कमीच.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी काही होईना, बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे भाग, फार. विंडोज नव्याने टाकलं. मी लगेच शोधायला लागले, तर अ‍ॅब्सोल्यूटचा पत्ता नाही! पोटात गोळाच आला. त्याने शांतपणे स्वतःचा हॉटस्पॉट जोडला, मशीन रीस्टार्ट केलं, चहा मागवला. चहा संपेपर्यंत टास्क मॅनेजरमध्ये आरपीसीनेट डॉट ईएक्सई, म्हणजे त्याचीच फाइल, हजर. घरी येऊन खात्यात पाहिलं, शेवटचा संपर्क त्याच दुपारचा.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी ही बायॉसची ओळ आधी बघावी. डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये ती एकदा अ‍ॅक्टिव्हेट झाली की बंद करता येत नाही, आणि आधीच्या मालकाचा पहारा तुमच्या गळ्यात.

५०० जीबीची एसएसडी आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये. जुनी डिस्क न मागता कागदात गुंडाळून हातात दिली, हे मला सगळ्यात आवडलं, कारण तिच्यात लोकांचे पॅन नंबर होते. बिल मागितल्यावर मात्र पेनच सापडेना, शेवटी वहीचा कागद फाडून आकडा लिहून दिला. जीएसटीचं काम करणाऱ्या बाईला कच्ची पावती! पाचपैकी चार.