वेब्ली मार्क ६ ची प्रतिकृती: पावसाळ्यानंतरचा अनुभव, आणि ती खिट्टी

वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वर; १९१५ सालचं मॉडेल, .४५५ बोअर, ६ इंची नळी हे माहीत असलेल्यांसाठीच लिहितोय. ही जस्ताच्या मिश्रधातूची, नळी आतून बंद असलेली शोभेची प्रतिकृती आहे.

खरी अडचण खिट्टीची. अस्सल वेब्लीत नळी बिजागरीवर खाली झुकून उघडते आणि मिटल्यावर घोड्यापुढची खिट्टी ती धरून ठेवते. त्या खिट्टीला उजव्या बाजूची जाड, व्ही आकाराची पोलादी स्प्रिंग रेटते. इथे बॉलपेनात शोभेल अशी स्प्रिंग आहे आणि खिट्टीही जस्ताचीच. सिनेमातल्यासारखी मनगटाच्या झटक्याने मिटली की जस्तावर जस्त आपटून कडा गोल होतात. मग नळी खुळखुळते. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.२ मिमी भरली. दुकानदार म्हणतो, ‘शोपीस आहे, हलत्या भागांना वॉरंटी नाही.’ मग उघडमिटीचे जादा पैसे कशाचे घेतले?

उपाय स्वस्त आहे. पुण्याच्या बोहरी आळीतून ०.१ मिमी पितळी शिम, म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा, आणा. खिट्टीच्या आतल्या बाजूचा रंग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, स्पिरिटने पुसा, दोन भागांच्या इपॉक्सीने तुकडा चिकटवा आणि २४ तास हात लावू नका. एकदम ०.२ लावलीत तर खिट्टी पूर्ण बसणार नाही. डाग द्यायला अजिबात नेऊ नका, हा धातू ३८५ अंशांच्या आसपास वितळतो. यापुढे अंगठ्याने खिट्टी दाबून, नळी हातात धरूनच मिटायची.

वजनावर सुरुवातीला नाराज होतो. मूळ साधारण १.१ किलो, ही ९३० ग्रॅम. पण हा मिश्रधातू पोलादापेक्षा साधारण १५ टक्के हलका, त्यामुळे याहून जड होणारच नाही. तक्रार मागे. मुठीला लाकूड लावलंय त्याचं मात्र काय करायचं? मूळ पट्ट्या काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) असतात.

कडांवरचा काळा रंग उडतो. पोलादाचं ब्लूइंग (रसायनाने दिलेला निळसर-काळा रंग) जस्तावर चढत नाही, सॅटिन काळा इनॅमल बारीक ब्रशने लावा. ब्रासो नको. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवली की पांढरी भुकटी धरते. सुती कापड आणि सिलिका जेल पुरे. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. ने-आण बंद खोक्यात, पावतीसकट, कारण लांबून कुणालाच खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही.

घेणार असाल तर दुकानातच मूठ एका हाताने, नळी दुसऱ्या हाताने धरून वर-खाली हलवा. नवी असतानाच टकटक ऐकू आली तर पैसे देऊ नका.