कॉयरसाठी लोकधून: टॉर्मिस, एशेन्वाल्ड्स की मांडो?

हौशी कॉयरसाठी लोकधुनेवरची एखादी अलीकडची रचना निवडायची असेल, तर आधी आपल्या गायकांना काय येतं ते बघा. शाळेपासून समूहगीतं एकाच सुरात म्हणत आलेल्यांना चार आवाजांची स्वरसंगती पटकन झेपत नाही. म्हणून माझं मत एस्टोनियाचा संगीतकार वेल्यो टॉर्मिस (१९३०–२०१७) याला.

टॉर्मिसने ‘रेगीलाउल’ ही जुनी एस्टोनियन गाणी फारशी न सजवता घेतली. चाल मोजक्या स्वरांत फिरते, ओळ साधारण आठ अक्षरांची. पुढचा गायक ओळ म्हणतो, तिच्या शेवटच्या अक्षरांवर बाकीचे आवाज मिसळतात आणि तीच ओळ परत म्हणतात. पोवाड्यातले झीलकरी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. चाल तीच राहते आणि भोवतीचे आवाज बदलत जातात, सगळी गंमत त्यातच आहे. सुरुवात ‘यानिलाउलुद’पासून (१९६७) करावी, ऐन उन्हाळ्यातल्या संत योहानाच्या सणाची ही गाणी. ‘राउआ नेएदमिने’ (१९७२), म्हणजे लोखंडाला दिलेला शाप, ऐकायला जबरदस्त आहे. पण ढोल, दोन एकल गायक आणि आरडाओरडा सांभाळायचा असल्याने नवख्यांनी त्याच्या नादी लागू नये. खरी अडचण उच्चारांची. एस्टोनियनमधले काही स्वर देवनागरीत नीट लिहिताच येत नाहीत, ते कानानेच बसवावे लागतात.

लॅटव्हियाचा संगीतकार एरिक्स एशेन्वाल्ड्स याचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ श्रोत्यांना हमखास आवडतं. टेनरचं (पुरुषांचा वरचा आवाज) लोकगीत, ध्रुवीय प्रवाशांच्या इंग्रजी नोंदी, पाणी भरून सुरात लावलेले पेले! मात्र एकेका आवाजाचे आणखी भाग पडत जातात आणि बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) गायक कमी असतील तर रचना उघडी पडते. आपल्याकडच्या बहुतेक गटांत ते कमीच असतात.

गोव्याचा मांडो हा कोंकणी गीतप्रकार जवळचा वाटतो, भाषाही कळते. तो मुळातच दोन आवाजांत गायला जातो, त्यामुळे आल्टोला (बायकांचा खालचा आवाज) ऐनवेळी काहीतरी पकडून दिल्यासारखं होत नाही. पण मराठी वळणाची कोंकणी गोंयकाराला लगेच खटकते, तेव्हा उच्चारांसाठी तिथलाच माणूस हवा. साथीला घुमट हे मातीच्या भांड्याचं तालवाद्य घ्या, बकऱ्याच्या कातड्याचं. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे. मांडोची चार आवाजांची मांडणी विकत घेण्याआधी तिच्यातला दुसरा आवाज एकटा गाऊन बघा. तो स्वतंत्र चाल म्हणून उभा राहत नसेल, तर दुसरी मांडणी शोधा.